हात लागला

गेल्या आठ महिन्यांत जगन्नाथ राऊतने अख्ख्या वाघोलीचे दोन वाटे पाडले होते. एका वाट्यात 'हात लागला' म्हणणारे, दुसऱ्यात 'हात लावला' म्हणणारे. फरक एका अक्षराचा. पण त्या अक्षरावर माणूस सुटतो, नाही तर अडकतो. लागला म्हणजे चुकून, नकळत. लावला म्हणजे त्याने लावला.

शेजारची सालोमी पहिल्या दिवसापासून लागला-वाली. "जगूभाऊ, आमची ती काचेची शेगडी आहे ना, तिच्यावरून मांजर गेली तरी चालू होते. तुमचा काय दोष?" असं ती म्हणाली होती, आणि जगन्नाथने ती मांजर नंतर वीसेक जणांना ऐकवली होती. पोस्टातले कारकून म्हणाले, "दाबलं गेलं असेल." हे कुठल्या वाट्यात घालावं यावर त्याने तीन दिवस घालवले आणि शेवटी अर्धं आपल्याकडे धरलं. नाळा गावच्या मेहुणीने मात्र तोंडावर विचारलं, "भाऊजी, पण तुम्ही त्या बटनाला हात लावलातच कशाला?" त्या दिवसापासून राऊतांच्या वाडीतलं केळफूल नाळ्याला जायचं बंद झालं.

एकच माणूस दोन्ही वाट्यांत नव्हतं, आणि तेवढ्या एकाच माणसाच्या शब्दाला किंमत होती. शांता. जगन्नाथची बायको. जिचा खुबा मोडला ती. बघायला येणारे विचारायचे, "नक्की कसं झालं हो?" तर ती पलंगावरून सांगायची, "गाडी पुढे आली." लागला नाही, लावला नाही. गाडी पुढे आली. पाऊस आला म्हणतात तसं.

गाडी देवेंद्रची, म्हणजे त्यांच्या मुलाची. देवेंद्र एव्हरशाईन सिटीत चौथ्या मजल्यावर राहतो. त्याच्या फ्लॅटमध्ये सगळं आहे, फक्त गाडी लावायला जागा नाही. म्हणून गाडी वाडीतल्या चिकूखाली राहायची आणि देवेंद्र रविवारी तिला भेटायला यायचा. आईवडिलांनाही भेटायचा, ते ओघाने आलं.

जगन्नाथने एकतीस वर्षं टेम्पो चालवला होता. वाडीतली फुलं आणि भाजी दादरच्या बाजारात टाकून दहाच्या सुमाराला तो परत यायचा. फाटकापाशी हॉर्न त्याने कधी वाजवला नाही. हॉर्न परक्यांसाठी. डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि उजव्याने रेस द्यायची, दोनदा: घूंऽ, घूंऽ. पहिल्याला शांता हातातलं काम टाकायची, दुसऱ्याला फाटक उघडलेलं असायचं. एकदा नंदाखालला कुणाच्या तरी लग्नात, बाहेर कुठला तरी टेम्पो दोनदा घुमला आणि शांता भरल्या ताटावरून उठून उभी राहिली. सालोमी अजून सांगते, "हिला नवरा हाक मारत नाय, इंजिन मारतं."

टेम्पो विकला आणि चार वर्षांनी देवेंद्रने ही गाडी घेतली. रविवारी-रविवारी तो बापाला शिकवायला लागला.

"क्लच नाही, गिअर नाही. दोनच पेडल, बाबा. एक थांब, एक चल."

"मग डाव्या पायाने काय करायचं?"

"काही नाही. त्याला रिटायर करा."

जगन्नाथ हसला होता. स्टिअरिंगवर, अंगठे येतात तिथे, दोन्ही बाजूंना काळ्या काचेसारख्या गुळगुळीत पट्ट्या होत्या. बोट टेकवलं की आतले दिवे उजळत. आवाज, फोन, आणि गाडी आपल्याआपण एका वेगाने चालवायची ती क्रूझ, सगळं त्यात. देवेंद्रचं बोट फिरलं की ऐकत. जगन्नाथचं बोट, चाळीस वर्षं केळीचा चीक आणि माती खाल्लेलं, दहादा घासलं तरी ऐकत नसत. मग नको तेव्हा, तळवा घसटला की, गाणं सुरू होई.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी तो पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन गेला. सोपाऱ्याला, शांताला गजऱ्याचा दोरा आणायला. परत आला, फाटकासमोर थांबला. शांता फाटकाजवळच्याच चाफ्याखाली परडी घेऊन उभी होती. ती कडी काढायला आली, आणि गाडी पुढे आली. फाटकाची झडप आणि दगडी खांब यांच्यामध्ये ती सापडली. दोऱ्याची रिळं मागच्या सीटवरून पुढे आली होती, एवढं जगन्नाथला आठवतं. आणि स्टिअरिंग सरळ करताना तळवा काचेवरून सरकला आणि दिवे उजळले, हे स्वच्छ आठवतं. पायांचं काही आठवत नाही. पाय एकतीस वर्षं आपले आपणच चालत आले होते. त्यांच्याकडे कोण बघतो.

तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या बाकड्यावर, देवेंद्रने फोन पुढे केला. कुठल्या तरी देशातला माणूस तसल्याच स्टिअरिंगवर तळवा घासून दाखवत होता आणि गाडी उसळी घेत होती.

"बाबा, तुमचा हात लागला. क्रूझ चालू झाली."

तोवर जगन्नाथकडे सांगण्यासारखं वाक्यच नव्हतं. हे त्याने दोन्ही हातांनी घेतलं.

मग देवेंद्रने कंपनीला लिहिलं. एकदा नाही, अकरा वेळा. कंपनीचं उत्तर दोन पानी इंग्रजीत आलं. त्याचा मतलब एवढाच, की गाडीतल्या नोंदीत चालकाने रेसचं पेडल दाबल्याचं दिसतं. पट्टीला स्पर्श झाला म्हणून गाडी हलल्याचं दिसत नाही.

"ते तसंच लिहिणार," देवेंद्र म्हणाला. "स्वतःच्या पोराला कोण चोर म्हणेल?"

शांता तेव्हा पलंगावर उशीला टेकून शेवंती ओवत होती. तिने दोऱ्याची गाठ दाताने तोडली आणि पुढचं फूल उचललं.

चैत्रात कंपनीने त्याच गाडीचा नवा अवतार बाजारात आणला. सगळं तेच, फक्त स्टिअरिंगवरच्या काचेच्या पट्ट्या गेल्या होत्या आणि जुन्या पद्धतीची, दाबायची बटनं आली होती. देवेंद्र आठवड्याच्या मध्येच धावत वाडीवर आला. "निकाल लागला, बाबा. चूक नव्हती तर बदललं कशाला?" जगन्नाथने तो फोटो आपल्या फोनवर घेऊन अख्खं गाव पालथं घातलं. पोस्टातल्या कारकुनांचं उरलेलं अर्धंही आपल्याकडे ओढलं. नाळ्याला केळफूल गेलं, सोबत चार चिकू.

शांताने चष्मा लावून फोटो पाहिला. "चांगली आहेत बटनं," म्हणाली.

एवढंच.

ती आता वॉकर धरून ओसरीपर्यंत यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाच्या डॉक्टरकडे एव्हरशाईनला जावं लागे, ती फेबियनच्या रिक्षाने. देवेंद्र रविवारचा माणूस. जगन्नाथने दोनदा विचारलं होतं, "मी नेऊ का?" तिने नाही कधी म्हटलं नाही. "फेबियनला सांगून झालंय," म्हणायची. फेबियन वॉकर मागे बांधायचा, तिला दंडाला धरून बसवायचा, आणि जगन्नाथ ओसरीवर उभा राहून बघायचा. चिकूखाली गाडी कापड पांघरून उभी असे.

त्याला बाकी काही नको होतं. शांताने एकदा शेजारी बसावं, आणि एकदा म्हणावं, हात लागला.

म्हणून त्याने देवेंद्रच्या मागे लकडा लावला: तेच नवं स्टिअरिंग आपल्या गाडीला बसव. कंपनीच्या माणसांनी हात वर केले. जुन्या गाडीला नवं बसवायची आमची पद्धत नाही म्हणाले. देवेंद्रने मग कामणचा कल्पेश शोधून काढला. भिवंडी रस्त्याला गोदामांच्या रांगेमागे त्याचं गॅरेज. वय तीसच्या आत, केसांना मागे चाप.

"पाचवी गाडी, काका," श्रावणातल्या एका रविवारी बॅटरीची वायर सोडवत तो म्हणाला. "कंपनीने बटनं काढून काच लावली, आता काच काढून बटनं लावते. आमचं काय, जाताना पन काम, येताना पन काम."

"काच वाईटच."

"वाईट म्हंजे कशी, ती हात वलखते, मानूस नाय वलखत. बटन कसं, त्याला दाबायला लागते. मनात असल्याबिगर कोन दाबनार?"

जगन्नाथने देवेंद्रकडे बघितलं. हे वाक्य मांजरीच्याही वरचं होतं.

कल्पेशने एअरबॅग सोडवून बाकावर उताणी ठेवली, मधला नट काढला, जुनं स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी हलवून उपसलं आणि जगन्नाथच्या मांडीवर ठेवलं. "धरा तुमचा आरोपी." मग नवं बसवलं, लॅपटॉप जोडून गाडीला त्याची ओळख करून दिली. त्याला अर्धा तास लागला. तो चालू असताना त्याने सहज विचारलं, "काका, क्रूझ लावली व्हती का त्या दिशी आधी?"

"मला ते येतच नाही."

"आधी लावल्याबिगर ती नुस्ता हात लागून चालू होत नाय खरं म्हंजे." तो स्क्रीनकडेच बघत होता. "पयली कंची गाडी चालवायचात?"

"टेम्पो. एकतीस वर्षं."

"मंग तुमचा डावा पाय अजून क्लच शोधीत असल."

"त्या पायाला रिटायर केलंय," देवेंद्र मध्येच म्हणाला, जरा जोरात. "तू तुझं बघ ना, कल्पेश."

कल्पेशने त्याच्याकडे पाहिलं, जगन्नाथकडे पाहिलं, आणि लॅपटॉप मिटला. "झाली. दाबून बघा."

जगन्नाथने अंगठा ठेवला. बटनाला कडा होती, मध्ये खळगा होता. डोळे मिटूनही कळत होतं कुठलं कुठे आहे. त्याने दाबलं. टक. त्याच्या बोटाचं ऐकणारी गोष्ट त्या गाडीत पहिल्यांदाच आली होती.

जुनं चाक त्याने घरी आणलं आणि ओसरीत, कोयता टांगतात त्या खिळ्याला टांगलं. येणारा-जाणारा बघेल अशा बेताने.

त्या संध्याकाळी देवेंद्रने आईला वॉकरसकट गाडीपाशी आणलं. तिने दारातून वाकून हात आत घातला आणि एक बटन दाबलं. टक. मग दुसरं. जगन्नाथ कल्पेशचं वाक्य म्हणाला, जमेल तितकं त्याच्याच चालीत. शांताने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. हट्टाला पेटलेल्या पोराकडे बघतात तसं नाही, आणि आजाऱ्याकडे बघतात तसंही नाही, मधलं काहीतरी.

"बरं," ती म्हणाली. "मंगळवारी तुम्हीच न्या. फेबियनला सांगते मी."

देवेंद्रने मंगळवारी रजा टाकली. बरोबर येतो म्हणाला. जगन्नाथ म्हणाला, तू इथे वाडीवर थांब, आम्ही जातो. 'आम्ही' हा शब्द त्याला आठ महिन्यांनी वापरायला मिळाला होता.

जाताना त्याने रिक्षासुद्धा पुढे जाऊ दिल्या. एकही बटन दाबलं नाही. शांताने खिडकीच्या वरची कडी धरून ठेवली होती; रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर तिची बोटं पांढरी झाली, उतारावर जरा सैलावली. एव्हरशाईनच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधाराशिवाय सहा पावलं चालवलं. शांता जाताना म्हणाली, "आज ह्यांनी आणलं." एवढ्या तीन शब्दांवर जगन्नाथ दारातल्या चपला ओळखेनासा झाला, दुसऱ्याच कुणाच्या पायात घालून निघाला होता.

येताना ती बोलत होती. पारनाक्याला म्हणाली, वेलची केळी घ्या, देवेंद्र नेईल. निर्मळच्या तळ्यापाशी म्हणाली, या वेळी गौरीला उभं राहता येईल मला. मग वाघोलीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना केळी, आणि वरच्या कडीवरचा तिचा हात खाली आला, मांडीवर. जगन्नाथने तो येताना बघितला. त्याला वाटलं, झालं. आता शब्द तेवढा राहिला, तोही येईल. आठ महिने मानेत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं, आणि तो एकतीस वर्षं घरी यायचा तसा घरी आला.

फाटक बंद होतं. नवं, लोखंडी. गाडी त्याच्यापासून दोन हात अलीकडे थांबली.

जगन्नाथने डावा पाय खाली दाबला आणि उजव्याने रेस दिली.

घूंऽ.

गाडी फाटकावर गेली. लोखंड वाकल्याचा, काच फुटल्याचा, आत वॉकर आपटल्याचा असे तीन आवाज एकत्र आले. मग ब्रेक लागला. तोही पायानेच लावला, आपला आपण. पिशवीतली केळी पुढे येऊन शांताच्या पावलांवर पडली.

"लागलं का तुला?"

"नाही."

पट्ट्याने तिला धरून ठेवलं होतं. तिने समोर फाटकाकडे बघितलंच नाही. ती खाली बघत होती, त्याच्या पायांकडे. म्हणून त्यानेही बघितलं. त्याचा डावा पाय अजून दाबलेला होता. गुडघा ताठ, चवडा जोर लावून, सगळं वजन टाकून. त्याच्याखाली काही नव्हतं. नुसती सपाट फरशी, रबरी.

हात स्टिअरिंगवर दोन्ही बाजूंना होते. बटनं अंगठ्यांपासून बोटभर लांब.

जगन्नाथने पाय उचलला नाही. उचलला तर मान्य केल्यासारखं होईल असं काहीसं त्याला वाटलं. तसाच बसून त्याने विचारलं, "त्या दिवशी तुला आवाज आला होता?"

"आला ना."

"किती?"

"एक." तिने पदराने ओठ पुसले. "मी कडीला हात घातला. दुसऱ्याची वाट बघत होते."

आतून देवेंद्र धावत येताना दिसत होता, अनवाणी.

"मग तू बोलली का नाहीस? आठ महिने, शांता."

"काय बोलू? तुम्ही गावभर सांगत होतात. तो पोरगा रात्रंदिवस कागद लिहीत होता." तिने पावलांवरची केळी बाजूला सारली. "मला वाटलं, बटनं बदलली की तुम्हाला बरं वाटेल. मग पाय पण ऐकेल."

देवेंद्र वाकलेल्या फाटकाच्या फटीतून आडवा होऊन बाहेर आला आणि खिडकीला चिकटला. "काय झालं? आई? बाबा, काय झालं?"

जगन्नाथने तोंड उघडलं. सांगायचंच होतं त्याला. पाय हा शब्द जिभेवर आला होता. पण शांता आधी बोलली.

"काही नाही रे. ह्यांचा हात लागला बटनाला."

आठ महिने तो ज्या वाक्यासाठी जगला ते असं आलं.

देवेंद्रने खिडकीतून हात घातला. नव्या बटनावर अंगठा ठेवला आणि दाबला. टक. परत दाबला. टक. कडा होती, खळगा होता, मनात असल्याबिगर कोन दाबनार. त्याची नजर खाली गेली, बापाच्या डाव्या पायापर्यंत, आणि तिथेच थोडा वेळ राहिली. अकरा पत्रं लिहिणारा मुलगा. वाचायला त्याला किती वेळ लागणार.

"हो," तो म्हणाला. "लागला असेल."

मग त्याने तळवा पुढे केला, आणि जगन्नाथने त्यावर किल्ली ठेवली.

संध्याकाळी सालोमी फाटक बघायला आली, तिलाही शांताने तेच सांगितलं. बुधवारी पोस्टातले कारकून, गुरुवारी नाळ्याची मेहुणी. मेहुणीसुद्धा म्हणाली, हात लागला असेल हो, होतं असं. वाघोलीत आता दुसऱ्या वाट्यात कुणी उरलं नव्हतं, एक जगन्नाथ सोडून. ओसरीतलं जुनं चाक त्याने खिळ्यावरून काढलं, पण ठेवायचं कुठे ते सुचेना. परत तिथेच टांगलं.

शुक्रवारी फेबियनची रिक्षा आली. वाकलेलं फाटक सुंभाने बांधून ठेवलं होतं. रिक्षाचं इंजिन मरायला टेकलेलं, ते बंद पडू नये म्हणून फेबियनने बाहेरूनच रेस दिली, दोनदा.

ओसरीत दोघांनीही मान वर केली. शांताचा हात वॉकरवर गेला, उठायला.

"बस तू," जगन्नाथ म्हणाला, आणि सुंभ सोडायला गेला.